पट्टी, पेंग्विन आणि उणे नव्व्याण्णव: डेटा-वर्गाच्या नोंदी

३ जुलै

आठवी-नववीची बत्तीस मुलं, आठवड्याला एक तास, संगणक चौदा, त्यातले चालणारे नऊ. चौघांचा एक गट धरला तर आठ गट होतात आणि एक यंत्र राखीव राहतं. तेवढ्यात भागवायचं.

मागच्या वर्षीची फजिती आधी लिहून ठेवते, म्हणजे पुन्हा त्याच वाटेने जाणार नाही. मुलांना ग्रहांचा तयार तक्ता दिला होता: व्यास, वस्तुमान, सूर्यापासूनचं अंतर. म्हटलं, यातून काय दिसतं ते आलेखात दाखवा. तासाभरात आठ वृत्तालेख तयार. रंग झकास, नावं ठळक, कोपऱ्यात सूचीसुद्धा. आणि चक्क व्यासांचा वृत्तालेख! आठही ग्रहांचे व्यास एकत्र करून शंभर टक्के, त्यात गुरूला छत्तीस. छत्तीस टक्के कशाचे, याला काही अर्थच नाही. पण ते कुणाला खटकलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही ते घरी वह्या तपासतानाच खटकलं. वर्गात मी 'छान' म्हणून मोकळी झाले होते.

तो तक्ता मुलांच्या दृष्टीने आकाशातून पडलेला होता. आकडे कुणी मोजले, कसे मोजले, कुठे अडखळले, यातलं काहीच त्यांना माहीत नव्हतं. मग शंका तरी कुठून येणार?

यंदा दोन नियम केलेत. पहिला महिनाभर आलेख काढायचा नाही. आणि प्रत्येक तक्त्यात शेवटचा कॉलम 'टीप' असा ठेवायचा. त्यात काय लिहायचं ते मी सांगणार नाही.

(पाठ्यपुस्तकात 'सामग्री' आहे, परिभाषेत 'विदा', मुलांच्या तोंडात 'डेटा'. मी मुलांचाच शब्द घेतलाय.)

८ जुलै

पहिला प्रयोग पडत्या पट्टीचा. तीस सेंटीमीटरची पट्टी एकाने वरून उभी धरायची, दुसऱ्याने खाली अंगठा आणि तर्जनी शून्याच्या खुणेपाशी उघडी ठेवायची. पहिल्याने न सांगता सोडायची, दुसऱ्याने पकडायची. बोटं जिथे बसली तो आकडा जवळच्या सेंटीमीटरपर्यंत लिहायचा. प्रत्येकी पाच वेळा.

अंतरावरून वेळ काढता येतो, कारण पट्टी गुरुत्वाकर्षणाने पडते. दहा सेंटीमीटर म्हणजे ०.१४ सेकंद, वीस म्हणजे ०.२०, तीस म्हणजे जवळपास ०.२५. तेवढा तक्ता मी फळ्यावर लिहून दिला. एका मुलीने लगेच विचारलं, "अंतर दुप्पट झालं तर वेळ दुप्पट का नाही होत?" पाच सेंटीमीटरला ०.१० आणि वीसला ०.२०, म्हणजे वेळ दुप्पट व्हायला अंतर चौपट लागतं, एवढं दाखवलं. सूत्र नंतर.

गोंधळ भरपूर. सोडणारे 'एक, दोन' म्हणून सोडत होते, पकडणारे पट्टी सोडून सोडणाऱ्याच्या चेहऱ्याकडे बघत होते. मी फक्त फिरत राहिले. एकशे साठ आकडे जमले. टीपेचा कॉलम आठही गटांत कोरा.

१० जुलै

आज आकडे संगणकात भरले, आणि ज्यासाठी हा प्रयोग निवडला होता ते पहिल्याच तासाला घडलं.

पट्टी बोटांतून पूर्ण सुटली तर काय लिहायचं हे मी मुद्दाम सांगितलं नव्हतं. तीन गटांनी तो सेल कोरा सोडला. दोघांनी '३०' लिहिलं. एका गटाने 'सुटली' असं लिहिलं. आणि दोन गटांनी शून्य.

गट चारमधल्या एका मुलाचे पाच प्रयत्न असे: २२, २५, ०, २०, २८. सरासरी १९ सेंटीमीटर. त्याच्या शेजारणीने पाचही वेळा पट्टी पकडली होती, तिची सरासरी २३. मुलगा खूश, सगळ्या गटात तोच चपळ! मी विचारलं, "शून्य सेंटीमीटर म्हणजे काय रे?" तो म्हणाला, "सुटली म्हणजे काही नाहीच मिळालं ना, मॅडम." म्हटलं, "मग शून्यावर पकडली असती तर काय लिहिलं असतंस?" थोडा वेळ गप्प. मग शेजारीणच म्हणाली, "म्हणजे जेवढ्या जास्त वेळा सुटेल तेवढा हा पहिला येणार."

तास तिथेच संपवला असता तरी चाललं असतं.

'सुटली' असं लिहिणाऱ्यांची वेगळी गंमत. त्यांच्या सेलमध्ये अक्षरं असल्यामुळे स्प्रेडशीटने तो सेल सरासरीत धरलाच नाही, आणि तसं सांगितलंही नाही. त्याच गटातल्या एकाने आकड्यांपुढे 'सेमी' टाइप केलं होतं. त्याचे ते सगळे आकडे गळाले आणि सरासरी उरलेल्या दोन प्रयत्नांची आली. यंत्र चुकलं तर ओरडेल अशी मुलांची समजूत असते. ते ओरडत नाही, बिनबोभाट उत्तर देतं.

११ जुलै

मधल्या सुट्टीत गट सातची धावत आलेली तक्रार: "मॅडम, आमचं सगळं बदललं!" त्यांनी गट आणि प्रयत्न एकाच कॉलममध्ये '७-२', '७-३' असे लिहिले होते. स्प्रेडशीटने त्यांच्या तारखा करून टाकल्या.

त्यांना सांगितलं की तुम्ही मोठ्यांच्या पंगतीत आहात. माणसाच्या काही जनुकांची नावं 'मार्च१', 'सेप्ट१' अशी होती. एक्सेल त्यांच्या तारखा करायचं. २०१६ साली शोधनिबंधांसोबतच्या एक्सेल याद्या तपासल्या, तर जनुकांच्या याद्या असलेल्या साधारण पाचव्या हिश्शाच्या निबंधांत असे घोटाळे सापडले. शेवटी २०२० मध्ये जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीने नावंच बदलली. सॉफ्टवेअर बदलण्यापेक्षा जनुकाचं बारसं पुन्हा करणं सोपं पडलं. मुलं इतकी हसली की पुढचा तास विसरून गेली. गट आणि प्रयत्न आता वेगवेगळ्या कॉलममध्ये आहेत, मी न सांगता.

१७ जुलै

सुटलेल्या पट्टीचं काय करायचं यावर पूर्ण तास वाद. मुलांनी मांडलेले तीन मार्ग फळ्यावर लिहिले आणि गट चारच्या त्याच पाच आकड्यांवर चालवून बघितले. शून्य धरलं तर सरासरी १९. तो प्रयत्न काढून टाकला तर २३.७५. तीस धरलं तर २५.

"मग खरं कोणतं?" असा प्रश्न आला. उत्तर न देता मी विचारलं की सुटलेल्या पट्टीबद्दल आपल्याला नक्की काय माहीत आहे. मागच्या बाकावरून आलं, "तीसपेक्षा जास्त. किती जास्त ते नाही." बस, एवढंच माहीत आहे. मग तो प्रयत्न काढून टाकणं म्हणजे नेमका सगळ्यांत हळू प्रयत्न लपवणं, आणि तीस धरणं म्हणजे त्याला सवलत देणं.

मग मध्यक आणला. पाच आकडे चढत्या क्रमाने लावा: २०, २२, २५, २८ आणि 'तीसच्या वर'. मधला कोणता? २५. शेवटचा आकडा ३१ असो की ६०, मधला हलत नाही. मध्यक त्यांनी गणितात शिकलेला आहे, परीक्षेत उदाहरणं सोडवलेली आहेत. पण मध्यक कशाला हवा, हे आज पहिल्यांदा लागलं असावं. गणिताच्या सरांना मधल्या सुट्टीत सांगितलं, तर ते म्हणाले की पाठात याचं उदाहरण दोन ओळींत संपतं. त्यांचंही बरोबर, त्यांना अभ्यासक्रम पुरा करायचा असतो.

एक गोष्ट माझ्याही लक्षात आज आली. अंतरांची सरासरी काढून तिचा वेळ करणं आणि आधी सगळे वेळ काढून त्यांची सरासरी घेणं, ही उत्तरं थोडी वेगळी येतात, कारण नातं सरळ रेषेतलं नाही. मध्यकाला हा त्रास नाही: प्रयत्न पाच असोत की सात, मधला तो मधलाच. मुलांना अजून सांगितलेलं नाही. कुणाला सापडतं का बघू.

२४ जुलै

आज आकड्यांचे शेवटचे अंक मोजले. पकडलेल्या पट्टीच्या नोंदी एकशे त्रेचाळीस. सगळे अंक सारख्याच वेळा येणार असतील तर ० किंवा ५ ने संपणाऱ्या नोंदी साधारण पाचवा हिस्सा हव्यात, म्हणजे एकोणतीसच्या आसपास. निघाल्या अठ्ठावन्न.

वर्गात शांतता. मग एक मुलगी म्हणाली, "पट्टीवर पाचाची रेघ लांब असते ना." दुसरा म्हणाला, "चोवीस आणि पंचवीसच्या मध्ये होतं तर मी पंचवीस लिहिलं. पंचवीस बरं वाटतं."

'पंचवीस बरं वाटतं' हे वाक्य फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवलंय, पुसू नका असं खाली लिहून. मोठी माणसंही हेच करतात, रक्तदाबाच्या हाताने घेतलेल्या नोंदींत शून्याने संपणारे आकडे गरजेपेक्षा जास्त असतात, हे सांगितलं. मुलांना मोठ्यांच्या चुका ऐकायला आवडतात. पण आज जमलं ते वेगळ्याच कारणाने: तक्त्यातला आकडा कुणाच्या तरी हातून येतो आणि तो हात यांचा स्वतःचा होता.

३१ जुलै

गट दोनमध्ये एक विक्रमवीर आहे. चार सेंटीमीटर! म्हणजे ०.०९ सेकंद. गटातल्या बाकीच्यांचं म्हणणं, हा आकडा वेडा आहे, उडवा. त्याचं म्हणणं, मी पकडली आहे, सगळ्यांनी बघितलंय.

धावण्याच्या शर्यतीचा नियम सांगितला: बंदुकीच्या आवाजानंतर ०.१०० सेकंदाच्या आत पाय हलला तर ती चुकीची सुरुवात धरतात. एवढ्या कमी वेळात माणूस ऐकून हलू शकत नाही, म्हणजे त्याने आधीच अंदाज बांधला होता. विक्रमवीर हसला आणि म्हणाला, "तो 'दोन' म्हणाला की सोडतो, मला माहीत होतं."

उडवायचा का मग? वर्गाने हात वर करून 'हो' म्हटलं. मला हे फार सोपं वाटलं, म्हणून ओझोनची गोष्ट काढली. अंटार्क्टिकावरच्या हॅली केंद्रात जमिनीवरून ओझोन मोजणारं उपकरण होतं. तिथल्या ऑक्टोबरच्या नोंदी पूर्वी ३०० डॉबसन एककांच्या आसपास असायच्या, त्या घसरत घसरत २०० च्या खाली आल्या. फारमन, गार्डिनर आणि शँकलिन या तिघांनी १९८५ च्या मे महिन्यात ते छापलं. त्याच काळात वरून उपग्रहही मोजत होता. त्याच्या प्रणालीत १८० पेक्षा कमी आकड्यांवर 'संशयित' अशी खूण पडायची. 'संगणकाने ओझोनचं छिद्र फेकून दिलं' अशी ही गोष्ट पुष्कळदा सांगितली जाते, ती चूक आहे. आकडे फेकले नव्हते, बाजूला खूण करून ठेवले होते, आणि ते लोक तपासतही होते. खूण होती म्हणून परत जाऊन बघता आलं.

आता पुन्हा हात वर. या वेळी मतं फाटली. शेवटी मुलांनीच ठरवलं ते असं: आकडा पुसायचा नाही. शेजारी 'संशयित' लिहायचं आणि का ते टीपेत लिहायचं. हिशोब दोन्ही प्रकारे करायचा. आणि पाच सेंटीमीटरच्या आतलं सगळं संशयित, हा नियम सगळ्यांना सारखा. आवडत्या आकड्याला एक न्याय आणि नावडत्याला दुसरा, असं चालणार नाही, हे वाक्य विक्रमवीराचं.

टीपेच्या कॉलममध्ये आज पहिली ओळ पडली: 'दोन म्हटल्यावर सोडली.'

७ ऑगस्ट

संगणक-खोली दुसऱ्या कामासाठी घेतली गेली. कळवलं कुणी नव्हतं. तास बुडाला.

१४ ऑगस्ट

आता दुसऱ्यांचा डेटा. हवाई बेटांवर मौना लोआ नावाच्या ज्वालामुखीच्या उतारावर सुमारे ३,४०० मीटर उंचीवर एक वेधशाळा आहे. तिथे चार्ल्स डेव्हिड कीलिंग यांनी मार्च १९५८ पासून हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजायला सुरुवात केली. दर महिन्याचा आकडा (हवेच्या दहा लाख रेणूंत त्याचे किती) खुला आहे, कुणीही उतरवून घ्यावा.

मी फाइल जशीच्या तशी दिली, साफसूफ न करता. वरच्या कितीतरी ओळींत नुसती माहिती, मग आकड्यांचे दहा कॉलम. पूर्वी मी नेमक्या याच ओळी उडवून 'सोपी' फाइल द्यायचे. आज म्हटलं, अर्धा तास फक्त वरच्या ओळी वाचा. कुरकुर झाली. पण त्यातूनच प्रश्न आले: ज्वालामुखीवर कार्बन डायऑक्साइड मोजतात, तर ज्वालामुखीचा वायू त्यात येत नाही का?

अगदी योग्य प्रश्न. येतो. वारा ज्वालामुखीच्या भेगांकडून आला की काही वेळ आकडा एकदम वर-खाली उड्या मारतो. दूरवरून, समुद्रावरून येणारी मिसळलेली हवा स्थिर आकडा देते. म्हणून तासातासाचे आकडे बघून स्थिर तेवढेच निवडतात, आणि ही निवड कशी केली ते उघड लिहून ठेवतात. गट पाचमधला एक जण म्हणाला, "म्हणजे आपल्या संशयितसारखं." हो, तसंच.

२१ ऑगस्ट

आज आलेखाला परवानगी. मुलांनी महिन्याचा आकडा निवडला, रेषा काढली आणि पडद्यावर जे आलं ते बघून आठही गट एकदम बोलायला लागले. वर जवळजवळ आडवी रेषा आणि डावीकडे तिच्यातून खाली सुटलेले चार-पाच सुळे, थेट शून्याच्याही खाली, उणे शंभरापर्यंत.

हवेत उणे शंभर कार्बन डायऑक्साइड!

एका गटाला वाटलं फाइल बिघडली. दुसऱ्याने तो महिना शोधला: जून १९५८, −९९.९९. मग शोधाशोध सुरू झाली. जानेवारी १९५८, फेब्रुवारी, जून, ऑक्टोबर. मग १९६४ चे फेब्रुवारी, मार्च, एप्रिल. गट चारमधल्या त्या मुलाला (शून्यवाला) सगळ्यांत आधी कळलं. उभा राहून म्हणाला, "सुटली! त्यांची पट्टी सुटली!"

सहा आठवड्यांपूर्वीचा तो शून्य यासाठीच हवा होता.

मग त्यांना १९५८ ची सरासरी दोनदा काढायला लावली. हरवलेले महिने सोडून आठ महिन्यांची: ३१५ च्या थोडी वर. −९९.९९ सकट बाराची: १७७ च्या आसपास. इथे थांबून मी मुद्दाम सांगितलं की १७७ हा आकडा वेडा दिसत नाही. बर्फाच्या गाभ्यांतल्या हवेच्या बुडबुड्यांवरून हिमयुगातला कार्बन डायऑक्साइड मोजलाय, तो १८० च्या जवळपास असायचा. म्हणजे कुणी आलेख न बघता नुसती ही सरासरी घेतली असती, तर १९५८ साली हिमयुग होतं असं म्हणायलाही आकडा हरकत घेणार नाही. उणे शंभर निदान डोळ्यांत खुपतं. सरासरीत विरघळलं की खुपत नाही.

"पण कोरंच का नाही सोडलं?" जुन्या प्रोग्रामांना प्रत्येक जागी आकडा लागायचा, म्हणून खरा असूच शकणार नाही असा आकडा ठेवायचे. हे वरच्या ओळींत लिहिलेलं होतं. मागच्या आठवड्यात ज्यांनी त्या ओळी चाळून सोडल्या होत्या त्यांनी आज परत जाऊन वाचल्या.

१९६४ च्या तीन महिन्यांचं कारणही सांगितलं: पैसे कमी पडले आणि मोजमाप थांबलं. मुलांना वाटलं होतं यंत्र मोडलं असेल किंवा वादळ आलं असेल. पैसे संपले म्हणून आलेखात भोक पडतं, हे त्यांना अन्याय वाटलं. तसा तो होताच. आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये ज्वालामुखी खरोखर फुटला, रस्ता आणि वीज तुटली, तेव्हा मात्र शेजारच्या मौना केआ पर्वतावर यंत्र लावून मोजणी पुढे चालू ठेवली. तो भाग फाइलीत शोधून या, एवढाच गृहपाठ.

२८ ऑगस्ट

−९९.९९ काढल्यावर खरी वक्ररेषा दिसली: करवतीसारखे दात आणि दात सगळे मिळून वर चढणारे. १९५९ ची वार्षिक सरासरी ३१६ च्या जवळ, २०२३ ची ४२१. चढ सगळ्यांना दिसतो, त्यावर फार बोलले नाही. दातांवर बोललो.

दर वर्षी मे महिन्यात शिखर, सप्टेंबर-ऑक्टोबरला तळ. का? मुलांचे अंदाज: गाड्या, सुट्ट्या, ज्वालामुखी, उन्हाळा. एकीने झाडं म्हटलं: पानं फुटली की झाडं वायू ओढतात, पानं कुजली की परत सोडतात. चांगला अंदाज आहे, पण 'चांगला वाटतो' म्हणजे खरा नव्हे, पंचवीससुद्धा बरंच वाटत होतं. म्हणून विचारलं की झाडंच कारण असतील तर दुसरीकडे कुठे काय दिसायला हवं? बराच वेळ लागला. मग: "जिथे झाडंच नाहीत तिथे दात नसतील."

दक्षिण ध्रुवाचा डेटा काढला, तोही पन्नाशीच्या दशकापासूनचा आहे. चढ तोच, दात मात्र अगदी बारीक. शिवाय उलटे: इकडे शिखर तेव्हा तिकडे नाही. जमिनीवरची बहुतेक झाडी उत्तर गोलार्धात आहे, हे भूगोलाच्या पुस्तकात त्यांनी वाचलेलं होतं, आज ते कामी आलं. अंदाज आधी सांगून मग फाइल उघडण्यात जी धाकधूक असते ती आज वर्गात होती. आधी आलेख दाखवून नंतर कारण सांगितलं असतं तर ती आली नसती.

४ सप्टेंबर

उभा अक्ष. एकाच आकड्यांचा आलेख शून्यापासून आणि ३०० पासून. एक 'सपाट', एक 'भयानक'. पंधरा मिनिटांत समजलं. तापमान असेल तर शून्य कुठून धरणार, सेल्सियसचं की केल्विनचं, यावर दोघं भांडले, ते मला जास्त आवडलं.

१८ सप्टेंबर

पेंग्विन. अंटार्क्टिकाजवळच्या पामर द्वीपसमूहात २००७ ते २००९ या काळात मोजलेले ३४४ पेंग्विन, तीन जातींचे: अडेली १५२, जेंटू १२४, चिनस्ट्रॅप ६८. चोचीची लांबी, चोचीची जाडी, पंखाची लांबी, वजन.

मी जातीचा कॉलम लपवून फाइल दिली. चोच लांब असेल तर जाडही असेल का? सगळ्यांचा अंदाज 'हो'. ठिपक्यांचा आलेख काढला, तर कल उलटा: लांब चोच, कमी जाडी. मुलांनी कारणंही लगेच जुळवली. लांब चोच बारीक असली तर मासे पकडायला बरी, वगैरे. ऐकायला पटण्यासारखं. मी मान डोलवत राहिले, थोडं दुष्टपणे.

मग जातीचा कॉलम उघडला आणि ठिपक्यांना जातीप्रमाणे तीन रंग दिले. तीन ढग वेगवेगळे झाले आणि प्रत्येक ढगात कल वर जाणारा! जेंटूच्या चोची लांब पण सडपातळ, अडेलीच्या आखूड पण जाड. तिघांना एका पोत्यात घातल्यावर उलटं चित्र दिसलं. संख्याशास्त्रात याला सिम्पसनचा विरोधाभास म्हणतात.

एक मुलगी नाराज झाली. म्हणाली, "मग आपल्याला कसं कळणार की अजून एखादा कॉलम लपलेला नाही?" मी म्हटलं, नाही कळत. ती म्हणाली, "मग काय उपयोग?" आणि घंटा झाली. घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात तेच. पुढच्या तासाला उत्तर द्यायचा प्रयत्न करीन, पण नीटसं उत्तर माझ्याकडे नाही. 'कुणी मोजलं, कुठे मोजलं, कुणाला मोजलं नाही' हे विचारत राहायचं, एवढंच आहे.

तिने मात्र फाइलीत शोधून काढलं की नर की मादी हा रकाना अकरा पेंग्विनांसाठी भरलेला नाही, आणि त्यातल्या दोघांची तर मोजमापंही नाहीत. तिथे उणे नव्व्याण्णव नाही, 'माहीत नाही' असं लिहिलंय. तिला ते आवडलं.

२५ सप्टेंबर

गुण कसे द्यायचे यावर आमच्या शिक्षकांच्या खोलीत चर्चा. सहकाऱ्यांचं म्हणणं, आलेखाला पाच, मध्य-मध्यक-बहुलकाला पाच, निष्कर्षाला पाच. तपासायला सोपं, हे खरं. पण असं केलं की ग्रहांचा वृत्तालेख पंधरापैकी दहा घेऊन जातो. मी पाच गुण टीपेच्या कॉलमला मागितले. "टीपेत काय लिहिलं म्हणजे पूर्ण गुण?" या प्रश्नाला मी नीट उत्तर देऊ शकले नाही आणि मागणी तीनवर आली. ठीक आहे, तीन तर तीन.

९ ऑक्टोबर

पट्टीचा प्रयोग पुन्हा. आता सगळं मुलांनी ठरवलं. सोडणारा बोलणार नाही. पकडणारा पट्टीच्या खालच्या टोकाकडेच बघणार. वाचणारा तिसरा, आणि त्याला कुणाचा आकडा आहे ते न सांगता पट्टी दाखवायची. 'सुटली' याचा प्रश्न त्यांनी मुळातच मिटवला: दोन पट्ट्या चिकटपट्टीने जोडल्या, आता साठ सेंटीमीटर.

पहिल्या पंधरा मिनिटांत गट सहाने आरडाओरडा केला. तीसच्या पुढचे सगळे आकडे चुकताहेत! पट्टीच्या दोन्ही टोकांना खुणेच्या पलीकडे थोडी कोरी जागा असते. दोन पट्ट्या टोकाला टोक लावून जोडल्या तर मध्ये दोन कोऱ्या जागा येतात. त्यांनी मोजलं, नऊ मिलिमीटर. म्हणजे पुढच्या पट्टीवर चार दिसत असेल तर ३४ नाही, ३५ च्या जवळ. मी इतकी वर्षं हा प्रयोग घेतेय, माझ्या लक्षात आलं नसतं.

त्यांनी तीसच्या पुढच्या प्रत्येक आकड्यात ०.९ मिळवलं. पण मूळ वाचलेला आकडा पुसला नाही, तो वेगळ्या कॉलममध्ये ठेवला. हे मी शिकवलं नव्हतं.

१६ ऑक्टोबर

नोंदी तपासल्या. शून्य आणि पाचने संपणारे आकडे या वेळी जवळपास पाचव्या हिश्शावर आलेत, थोडे जास्त आहेत. विक्रमवीर आता २१ सेंटीमीटरवर.

टीपेचा कॉलम मात्र ओसंडून वाहतोय. काही नुसता टवाळपणा आहे, तोही ठेवलाय. गट चारच्या पानावरून जसंच्या तसं उतरवते:

प्रयत्न १, २४ सेमी. टीप: काही नाही.
प्रयत्न २, २२ सेमी. टीप: वाचणाऱ्याने आधी २५ म्हटलं, परत बघायला लावलं.
प्रयत्न ३, ३७.९ सेमी (वाचलेलं ३७). टीप: शिंक आली. आकडा ठेवला आहे.